नाक्यापलीकडचं विद्यापीठ

सौंसरहून नागपूरकडे निघालं की संत्र्याच्या बागा दोन्ही अंगांनी सोबत येतात. सातनूरचा नाका मागे पडतो, केळवद लागतं, तरी बागा त्याच, काळी माती तीच, बांधावर उभ्या बाईची बोलीही तीच. बदलतात त्या दुकानांवरच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौंसरसकट छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्या तालुक्यातली बहुतेक पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदी शिकतात आणि बारावी झाली की पुन्हा दक्षिणेकडे तोंड करतात. आमच्याकडे पुढचं शिक्षण म्हणजे नागपूर. तसं कुणी ठरवून दिलेलं नाही, पण मामा तिथेच शिकलेला असतो, काकाही तिथेच.

आणि एके काळी हे जाणं परमुलखात जाणं नव्हतंच. ४ ऑगस्ट १९२३ ला नागपूर विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ते सगळ्या मध्य प्रांताचं आणि वऱ्हाडाचं होतं. नागपूरची हिस्लॉप आणि मॉरिस कॉलेजं त्याच्याही आधीची, १८८३ आणि १८८५ सालची. ती या विद्यापीठात आली, तसं जबलपूरचं रॉबर्टसन कॉलेजही आलं. हिंदी मुलखातला आणि मराठी मुलखातला मुलगा एकाच परीक्षेला बसत होता. डॉ. हरिसिंह गौर इथले कुलगुरू होते. पुढे १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या कमाईतून आपल्या गावी, सागरला, नवं विद्यापीठ उभं केलं. एका माणसाचं एवढं मोठं दान मला दुसरं आठवत नाही. पण नंतर छिंदवाड्याची कॉलेजं सागरला जोडली गेली, आणि सौंसरच्या मुलाचं विद्यापीठ सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे गेलं. नागपूर राहिलं सत्तर किलोमीटरवर, पण दुसऱ्या राज्यात. २०१९ मध्ये छिंदवाड्यालाच विद्यापीठ झालं, आता ते राजा शंकर शाह यांच्या नावानं ओळखलं जातं. गोंड राजाचं नाव विद्यापीठाला मिळालं याचा मला मनापासून आनंद आहे. तरी पोरांचा ओढा अजून नागपूरकडेच आहे.

मी नव्वदच्या दशकात छोट्या लाइनच्या गाडीनं इतवारीला उतरले. होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी होतो. एक साकोलीची, एक गडचिरोलीकडच्या आरमोरीची, एक वर्ध्याजवळच्या सेलूची आणि मी. त्या वेळी चंद्रपूर-गडचिरोलीसुद्धा याच विद्यापीठात होते. गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं ते २०११ मध्ये. पहिल्या आठवड्यात सगळ्या सगळ्यांना दोनच प्रश्न विचारत होत्या. कुठली? आणि आडनाव? आमच्या भागात आडनाव सांगितलं की बहुतेक वेळा जात सांगून झालेली असते. त्यामुळे मेसमधली टेबलं आधी जिल्ह्यांची झाली आणि मग, कुणी उघड न बोलता, जातींची झाली. विद्यापीठात पाऊल ठेवलं की माणसं मिसळून जातात असं जे भाषणांत सांगतात, ते खरं नाही. सुरुवातीला तर घरी होती त्याहून जास्त ती आपापल्यांना धरून बसतात.

मिसळणं होतं ते हळूहळू, आणि ताटावर होतं. साकोलीची धानाच्या मुलखातली, तिला दोन्ही वेळ भात हवा, पोळीनं तिचं पोट भरत नसे. माझं उलट. मग माझा भात तिच्या ताटात आणि तिच्या पोळ्या माझ्या ताटात जाऊ लागल्या, आणि त्यासाठी शेजारी बसणं भाग पडलं. आरमोरीची मुलगी दिवाळीनंतर बेचैन व्हायची. तिकडे धान घरात आलेलं असायचं, झाडीपट्टीची नाटकं उभी राहायची आणि ती इथे अर्थशास्त्राच्या नोट्स काढत असायची. रात्री दिवा मालवल्यावर ती आम्हाला अख्खं नाटक सांगायची, नायिकेचं रडणं आणि खलनायकाचं हसणं दोन्ही एकाच आवाजात. पोळ्याच्या सुमारास बोलायची पाळी माझी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गल्लीत लहान मुलं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा करतात; त्याच दिवशी आमच्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर गोटे मारतात. गोटमार. सेलूची ऐकून थक्क झाली होती. "मरतात ना गं माणसं? मग काऊन थांबवत नाही कोणी?" तिनं विचारलं होतं. मी गोटमार लहानपणापासून ऐकत आले, पण हा प्रश्न आमच्या घरात मला कुणी विचारला नव्हता.

दसऱ्याला सेलूचीचे आईवडील आले. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हापासून तिच्या घरचं कोणी ना कोणी दर वर्षी दीक्षाभूमीवर येतंच. तिनं आम्हा तिघींना सोबत नेलं. मी एवढी गर्दी जत्रेत पाहिली होती, पण पुस्तकांच्या दुकानांपुढे पाहिली नव्हती. डोक्यावर गाठोडं घेतलेल्या म्हाताऱ्या बाया नातवासाठी पुस्तक निवडत होत्या, किंमत विचारत होत्या, लुगड्याच्या गाठीतून पैसे सोडत होत्या. दीक्षेनंतर अठरा दिवसांनी राज्यांची रेघ बदलली. एका शरद ऋतूत या भागातल्या माणसांचं किती काय ठरलं, हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

पुढच्या उन्हाळ्यात सेलूची माझ्यासोबत सौंसरला आली. आम्ही जामसावळीचा मारुती पाहिला, बागेत गेलो. घरी पाणी देताना आजीनं फडताळातून वेगळा पेला काढला. आईनं तो तिच्या हातातून घेतला, जागेवर ठेवला आणि रोजच्या पेल्यात पाणी भरून दिलं. कुणी काही बोललं नाही. आजी जेवायच्या वेळी आमच्याच पंगतीत बसली, हेही सांगायला हवं. माझी आई चौथीपर्यंत शिकलेली. तिनं विद्यापीठ पाहिलं नव्हतं, पण माझ्या पत्रांतून वर्षभर ती त्या खोलीतल्या चौघींना ओळखत होती. सरकारी विद्यापीठ काय करतं, असं मला कुणी विचारलं तर मी हाच पेला सांगते. आमच्या भागात पाटलाची मुलगी आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्याची मुलगी एका छताखाली दोन वर्षं झोपतील अशी दुसरी जागा मला माहीत नाही. गावातल्या देवळात ते झालं नाही. लग्नाच्या मांडवात तर आजही होत नाही; आम्हा चौघींची लग्नं आपापल्या जातीतच झाली.

पण ज्या विद्यापीठानं मला हे दिलं, त्याच्या आवारात मी कागदावर बाहेरची होते. रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा. प्रवेशात, फीत, होस्टेलच्या यादीत आमची नावं शेवटच्या रांगेत. माझं कसंबसं निभावलं. आमच्या तालुक्यातल्या दलित आणि आदिवासी मुलांचं त्याहून अवघड होतं आणि आहे. गोंड जमात दोन्ही राज्यांच्या अनुसूचीत आहे, तरी सौंसरच्या गोंड मुलाचा जमातीचा दाखला केळवदच्या पुढे चालत नाही. मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये सांगितलं की एका राज्यातली अनुसूचित जाती-जमातींची सवलत दुसऱ्या राज्यात स्थलांतर करून मागता येत नाही; मागासलेपण त्या त्या राज्यातल्या परिस्थितीवरून ठरतं. दूरच्या प्रांतातून आलेल्याला हे तत्त्व लागू करणं मी समजू शकते. पण एकाच शिवारातून, एकाच नातेवाइकांतून गेलेल्या रेघेला ते लावलं की अन्याय होतो. नाका ओलांडल्यानं त्या मुलाच्या बापाचं कर्ज कमी होत नाही.

आता छोटी लाइन गेली, मोठी लाइन आली, रस्ता चांगला झाला. त्यामुळे पोरं अप-डाऊन करतात. सकाळी डबा घेऊन निघायचं, लेक्चर करायचं, संध्याकाळी पाच वाजता परत. पांढुर्ण्याची पोरं काटोल-नरखेडवाल्यांसोबत पॅसेंजरनं करतात. खर्च वाचतो, मुलगी रात्री घरी असते, आईबापांना झोप लागते. मला हे सगळं कळतं. पण अशा मुलांना नागपूर म्हणजे स्टँड आणि वर्ग, एवढंच दिसतं. पाली विभागात विशीतल्या पोरांच्या शेजारी चीवर घातलेले भिक्खू बसतात, निवृत्त झालेले आजोबा बसतात. गोंदिया जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीतून आलेली मुलं आपल्यासारखीच मराठी बोलतात. त्यांच्याशी ओळख व्हायला चारचा चहा लागतो, परीक्षेची रात्र लागते, आजारपणात कुणी आणून दिलेली खिचडी लागते. पाचची गाडी पकडणाऱ्याच्या वाट्याला यातलं काहीच येत नाही. तो सौंसरचाच राहतो आणि पदवी तेवढी नागपूरची मिळते.

म्हणून दोन्ही सरकारांकडे माझं एक मागणं आहे. सौंसर-पांढुर्ण्याच्या मुलांसाठी नागपूरच्या होस्टेलांत काही जागा राखून ठेवा, आणि आमच्या आदिवासी-दलित मुलांची शिष्यवृत्ती नाक्यावर अडू देऊ नका. आणि सौंसरच्या आईबापांनो, तुम्हालाही सांगते. खोली मिळत असेल तर पोरीला अप-डाऊन करायला लावू नका. दोन वर्षं तिला तिथे राहू द्या, आणि सुटीत ती मैत्रिणीला घेऊन आली तर तिला घरातल्या पेल्यात पाणी द्या.