ओळ कोठे मोडावी?

जुन्या मराठी कवितांचे एक लहानसे संकेतस्थळ मी काही वर्षे सांभाळतो आहे. ते मोबाइलवर नीट वाचता यावे म्हणून अलीकडे वर्डप्रेसमध्ये नवी थीम बसवली. काम तांत्रिक खरे. पण ते करताना पुढे उभा राहिलेला प्रश्न मात्र साहित्याचा होता.

ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये एका लेखातून 'रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन' ही संज्ञा रूढ केली. रुंदी पिक्सेलांत न बांधता प्रमाणात मोजायची, चित्रे लवचीक ठेवायची आणि पडद्यानुसार मांडणी बदलायची, ही तिची त्रिसूत्री. आजच्या बहुतेक थीम हे काम आपणहून करतात. गद्य त्यात बिनतक्रार वाहते. कवितेचे तसे होत नाही. लांब ओळ अरुंद पडद्यावर मधेच तुटते आणि उरलेले दोन शब्द नव्या ओळीच्या थाटात डाव्या कडेला उभे राहतात. वाचकाला वाटते, कवीनेच तेथे श्वास घेतला!

येथे पोथ्यांची आठवण होते. पोथीचे पान आडवे. ओव्या सलग लिहिलेल्या. जागा संपली की शब्दही मोडे. तरी ओवी हरवत नसे, कारण तिची सीमा कागदाच्या कडेवर नव्हती. ती दंडात, क्रमांकात आणि यमकात होती. त्यामुळे ज्ञानेश्वरी कोणत्याही रुंदीच्या पानावर ज्ञानेश्वरीच राहते. मुक्तछंदाने हे आधार सोडले. त्याची ओळ कोठे संपते हे सांगते ती फक्त तिच्यापुढची कोरी जागा. मोबाइलचा पडदा नेमकी तीच जागा हिरावून घेतो.

आमच्या जुन्या पानांत ओळी सरकवण्यासाठी रिकाम्या जागा आणि कोष्टके वापरली होती. मांडणी अशी आशयातच कालवलेली असली की कोणतीही थीम हतबल ठरते. ती सारी काढून प्रत्येक ओळ स्वतंत्र घटक म्हणून नोंदवली आणि सीएसएसमध्ये एकच नियम लिहिला: ओळ मावली नाही, तर उरलेला भाग थोडा आत सरकून यावा. छापखान्यांची ही जुनीच युक्ती. आता कवीने मोडलेली ओळ आणि पडद्याने मोडलेली ओळ वेगळी ओळखू येते.

काही कवितांत मात्र शब्द पायऱ्यांसारखे उतरतात. तेथे आकार हाच अर्थ. त्यांना हा नियम पुरत नाही. त्या कविता मी मूळ रुंदीतच ठेवल्या. वाचकाला बोटाने त्या आडव्या सरकवाव्या लागतात. मोबाइलस्नेही मांडणीच्या शास्त्रात हा दोष मानला जातो. पण वाचकाच्या बोटाला थोडे कष्ट पडले तरी चालतील. कवीची ओळ आपण मोडू नये, असे मला वाटते.