हसवणं आणि हसं करणं

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, तुमच्या घरी 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' बघतात ना? आमच्याकडे बघतात. सोनी मराठीवर २०१८ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाला. माझं माहेर सांगलीचं. परीक्षकाच्या खुर्चीत आमच्या सांगलीची सई ताम्हणकर दिसली, की आई हातातलं काम टाकून बसायची.

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत मुलं तीच स्किट करून दाखवतात. एकदा एका मुलानं एका मुलीला तिच्या जाडीवरून हाक मारली. वर्ग हसला. खरं सांगते, मीही हसले. चार दिवसांनी लक्षात आलं, ती फळ्याजवळ यायलाच तयार नाही.

कार्यक्रम बंद करा, असं मी सांगणार नाही. त्यात तिखटपणा आहे म्हणूनच तो आवडतो. तमाशातला सोंगाड्या हेच करत आला. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ 'जहरी प्याला' या वगात हवालदार व्हायचे. एरवी ज्या वर्दीला लोक बिचकायचे, तिच्यावरच तिथं पोट धरून हसायचे. एरवी बोलता येत नाही ते विनोदात बोलता येतं. खरी ओढ तिथंच आहे.

पण स्किटमध्ये कुणाच्या रंगावर, वजनावर विनोद होतो, तेव्हा त्या कलाकाराला तो आधी माहीत असतो. दोघांनी मिळून तालीम केलेली असते. उलट टोला मारायची त्याचीही पाळी येते. आमच्या त्या मुलीला कुणी विचारलं होतं?

मी तिची वर्गासमोर माफी मागितली. मग दर शनिवारी मुलांना स्किट लिहायला लावलं. नियम एकच : विनोद स्वतःवर करायचा, नाहीतर बाईंवर. पहिल्याच शनिवारी माझी नक्कल झाली. डोक्यावर चष्मा ठेवून वर्गभर चष्मा शोधणाऱ्या बाई! ती मुलगी नुसती बघत होती. तिसऱ्या शनिवारी जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आज मी तुम्ही होऊ का?"

मी चष्मा काढून तिच्या हातात दिला.

पालकहो, आज मुलांबरोबर बसून जरूर हसा. नंतर त्यांना एवढंच विचारा, "ज्याच्यावर आपण हसलो, तोही हसत होता का रे?"