एका वर्षाची खुर्ची

हिवरे बाजारला जाण्याची कल्पना माझी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाची सहल म्हणजे गेली सोळा वर्षे ठरलेला कार्यक्रम. कधी आळंदी, कधी देहू, फार हौस आली तर पैठण. तिथे मी तासभर बोलायचे, मुलांनी ऐकल्यासारखे करायचे आणि परतताना सगळ्यांनी मिळून भेळ खायची. यात कुणाचे काही बिघडत नव्हते. यंदा जूनमध्ये मंडळाची पहिली बैठक भरली, मी सवयीने वहीत 'आळंदी' असे लिहिलेही, आणि तेवढ्यात द्वितीय वर्षातली एक मुलगी उठून उभी राहिली.

"सर, या वर्षी हिवरे बाजारला जाऊ या."

"तिथे कोण कवी होऊन गेला?"

"कुणीच नाही सर. म्हणूनच."

बैठकीत हशा पिकला. मीही हसलो, मास्तरला दुसरे काय करता येते?

या मुलीचे आणि माझे एक जुने प्रकरण होते. आमच्या ग्रंथालयाबाहेर भिंतीवर काचेची एक मोठी चौकट आहे. तीत आमचे भित्तिपत्रक लागते. ही चौकट मिळवली कुणी? मी आणि माझ्या दोन मित्रांनी, सन २००० मध्ये, याच महाविद्यालयात शिकत असताना. त्या वेळच्या विभागप्रमुखांकडे आम्ही चौदा खेपा घातल्या होत्या. "मुलांच्या हाती भिंत दिली की मुले भिंतीवर काहीही लिहितात," हे त्यांचे म्हणणे. शेवटी एकदाची चौकट मिळाली, कुलूप लागले आणि किल्ली आमच्याकडे आली. त्या दिवशी आम्ही तिघांनी तीन कटिंग चहा असे प्यालो, की जणू मुंबईच्या एखाद्या दैनिकाचे मालकच झालो आहोत. पुढे मी त्याच विभागात अधिव्याख्याता म्हणून लागलो आणि किल्ली माझ्या जुडग्यात आली. ती तिथेच राहिली. गेल्या वर्षी या मुलीने भर तासाला विचारले होते, "सर, भित्तिपत्रक आमचे, मग विषय दर वेळी तुम्ही का देता?" मी काहीतरी शुद्धलेखनाचे कारण सांगितले होते.

आमच्या पिढीची एक अडचणही वाचकांनी लक्षात घ्यावी. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतल्या निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गेल्या आणि वर्गातला पहिला नंबर हाच वर्गाचा प्रतिनिधी ठरू लागला. मी स्वतः असा प्रतिनिधी होतो. मला कुणी निवडले नव्हते. मला गुण पडले होते. २०१६ च्या कायद्याने निवडणूक पुन्हा पुस्तकात आली हे खरे. पण एक अख्खी पिढी 'आपले म्हणणे मांडायचे असेल तर आधी चांगले गुण मिळवा' हे शिकून बाहेर पडली, आणि त्यातलेच काही आम्ही मास्तर झालो.

असो. श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही एकवीस जण पुण्याहून लाल गाडीने निघालो. सगळी व्यवस्था मुलांची. मुलींना एस.टी.त २०२३ पासून अर्धे तिकीट पडते, तेव्हा सहलीला मुली जास्त नेल्या की दरडोई खर्च कमी येतो, असे गणित त्यांनी मांडले होते. आमच्या अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांनाही हे सुचले नसते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण कंडक्टरच्या तोंडी अजून "चला, नगर, नगर!" हेच. सुप्याला चहा झाला. नगरला दोन जीपगाड्या ठरवल्या, शहर मागे पडले, आणि कल्याण रस्ता सोडून आत वळल्यावर मुले एकाएकी गप्प झाली.

गप्प होण्यासारखेच ते आहे. नगर तालुक्याचा हा भाग म्हणजे पर्जन्यछायेतला. वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आले तर. रस्त्याच्या दुतर्फा दगड आणि बाभळी पाहत आलेल्या माणसाला पुढे तिन्ही बाजूंनी हिरव्यागार टेकड्यांच्या कुशीत बसलेले गाव दिसले, की क्षणभर वाट चुकल्यासारखे वाटते. टेकड्यांच्या उतारांवर एकाखाली एक समतल चर खणलेले. धावत येणारे पाणी तिथे अडायचे, जिरायचे आणि खाली विहिरीत उतरायचे. ओढ्यांवर बंधारे, पाझर तलाव. बाजरी कणसात आलेली, मुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बायका वाफ्यात वाकलेल्या. गावातले रस्ते इतके स्वच्छ, की आमच्यातल्या एकाने गोळीचा कागद काढला आणि विचार करून परत खिशात ठेवला. पुण्यात त्याने हा विचार केल्याचे मला स्मरत नाही.

हे गाव असे नव्हते. १९७२ च्या दुष्काळाने त्याची कंबर मोडली. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे मजुरीला पुण्या-मुंबईला गेली. मागे राहिलेल्यांत दारूच्या भट्ट्या आणि भांडणे तेवढी भरभराटीला आली. सरकारी नोकराची इथे बदली म्हणजे शिक्षा, असे म्हणत.

१९८९ साली गावातल्या तरुणांनी ठरवले, की आता सरपंच शिकलेला हवा. त्याच वर्षी मार्चमध्ये देशात मतदानाचे वय एकविसावरून अठरावर आले होते. पण खेड्यातल्या पाराला कायद्याने आलेले वय एवढ्या लवकर कळत नाही. पारावर वयाचा हिशेब वेगळा असतो. तरुणांच्या डोळ्यांसमोर नाव होते पोपटराव पवारांचे. वय तिशीच्या आत, एम. कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे. घरच्यांची इच्छा, मुलाने खेळात नाव काढावे किंवा शहरात नोकरी धरावी. गावात राहायचे कारण नव्हते, आणि नेमके तेच त्यांना करायला सांगत होते. वडीलधाऱ्यांनी पुष्कळ खळखळ केली आणि शेवटी एक तोड काढली: बरे, एक वर्ष देतो. वर्षभरात काय दिवे लावता ते पाहू.

पुढची हकिकत पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून वारंवार आली आहे, तेव्हा ती मी लांबवत नाही. आधी शाळा धरली. तिच्यासाठी लोकांनी जमीन दिली, श्रमदान केले. वर्ष संपले तेव्हा गावानेच म्हटले, आता पाच वर्षे घ्या. मग सरकारच्या आदर्श गाव योजनेत गाव आले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान ही पंचसूत्री. पुढे शेतीसाठी विंधन विहिरीच्या पाण्याला बंदी, ऊस आणि केळीला बंदी, बाहेरच्यांना जमीन विकायला बंदी. दर पावसाळ्यानंतर पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि यंदा कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवायचे. १९९५ मध्ये इथे दारिद्र्यरेषेखालची १६८ कुटुंबे होती. २०१० पर्यंत ती तीनावर आली. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

मला मात्र या साऱ्या कथेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा खटकत होती. ज्यांनी खुर्ची घेतली त्यांचे नाव साऱ्या देशाला ठाऊक. ज्यांनी ती दिली, ते कोण?

दुपारी मुले टेकडीवर चर पाहायला गेली आणि मी गुडघ्याचे निमित्त करून देवळाच्या ओट्यावर टेकलो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसले होते. पांढरी टोपी, हातात काठी. आमच्यासारखे पाहुणे त्यांनी हजारो पाहिलेले. तरी विचारपूस झाली.

"मास्तर का?"

"हो."

"वय काय?"

"चव्वेचाळीस."

"मंग तवा मी तुमच्याच वयाचा होतो," आजोबा म्हणाले. "पोरं आली म्हणाली, आम्हाला करू द्या. आम्हाला राग आला. काल लंगोट बांधायला शिकली अन् आज गाव चालवायला निघाली! पर मनात म्हणलं, आपण चालवून काय दिवे लावले? प्यायला पाणी न्हाई. देऊ एक साल. वर्षानं येतीलच हात जोडत, घ्या म्हणतील तुमचं तुम्हाला."

"आली का?"

"कुठं आली!" आजोबा हसले. तोंडात दोनच दात होते, पण हसणे भरगच्च होते. "सालभर लई जड गेलं बघा. सभेत गप बसायचं. त्यांचं चुकतंय दिसायचं, जीभ वळवळायची. घरी येऊन म्हातारीवर वरडायचं."

मी पुढे काही विचारले नाही. मला आमच्या विभागाच्या बैठका आठवत होत्या.

मुले टेकडीवरून उतरली. त्यांना गाव दाखवायला एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा बरोबर होता. चुणचुणीत, प्रत्येक आकडा तोंडपाठ. आमच्या त्या मुलीने त्याला गाठलेच.

"आता इथल्या वीस वर्षांच्या मुलाला काही वेगळे म्हणायचे असेल, तर त्याने कुठे म्हणायचे?"

"ग्रामसभेत."

"आणि ग्रामसभेत कुणी ऐकले नाही तर?"

मुलगा जरा थांबला. मग म्हणाला, "इलेक्शन आहे की. एकवीस पूर्ण झाली की उभं राहता येतं."

त्याने सांगितले ते मी वर्तमानपत्रात वाचले होते, पण तेव्हा त्यावर थांबलो नव्हतो. १९८९ नंतर तीसेक वर्षे या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत असे. मधल्या काळात सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले तेव्हा पोपटराव उपसरपंच झाले. सूत्रे त्याच हातांत राहिली. जानेवारी २०२१ मध्ये मात्र गावातूनच समोर दुसरे पॅनेल उभे राहिले, मतदान झाले, आणि सातच्या सात जागा पोपटरावांच्या पॅनेलला मिळाल्या.

"सातच्या सात," मुलगा अभिमानाने म्हणाला. मग थोड्या हळू आवाजात: "मला तेव्हा मत नव्हतं. पण त्या पंधरा दिवसांत आमच्या घरात पहिल्यांदा गावावर वाद झाला. आजी एकीकडे, चुलते दुसरीकडे. मजा आली."

बिनविरोध निवडणुकीचे आपल्याकडे फार कौतुक. ते अगदीच चुकीचे नाही. निवडणुकीने खेड्यात भावकीची डोकी कशी फुटतात हे ज्याने पाहिले आहे, तो बिनविरोधाला हात जोडेल. या गावाने तर त्या एकीवर डोंगर हिरवे केले. सातही जागा मिळाल्या त्या लोकांनी मते दिली म्हणूनच, आणि ज्याच्या हाताने विहिरीला पाणी आले त्याला मते का देऊ नयेत? हे सगळे मान्य. तरी त्या ओट्यावर बसल्या बसल्या मला वाटले, की १९८९ चे तरुण आज साठी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांपाशी निदान एक सोय होती: त्यांचे हातून काही झाले नव्हते, म्हणून त्यांना उठवणे सोपे गेले. ज्यांच्या हातून एवढे झाले, त्यांच्याकडे कुणी कुठल्या तोंडाने म्हणावे, की आम्हाला एक वर्ष द्या?

आणि मी कुणाबद्दल हे म्हणत होतो? पोपटरावांनी डोंगर उभे केले. माझ्या नावावर जमा काय, तर काचेची एक चौकट.

परतीच्या गाडीत मुले अंताक्षरी खेळत होती. ती मुलगी खिडकीशी बसून वहीत काहीतरी मांडत होती. शिरूर ओलांडल्यावर मी जुडग्यातून किल्ली काढायला लागलो. सोळा वर्षांत कडी गंजली होती, नख मोडले. किल्ली तिच्या वहीवर ठेवली.

"एक वर्ष," मी म्हणालो.

तिने किल्लीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "आणि वर्षानंतर, सर?"

"मंडळाची बैठक बोलवा. मला ठेवायचे की नाही तेही विचारा."

"विषय आधी दाखवायचा का?"

'हो' अगदी ओठांवर आले होते. "नको," म्हणालो, आणि पुण्यापर्यंत झोपेचे सोंग घेतले.

पहिला अंक गणपतीनंतरच्या सोमवारी लागला. तो मीही इतरांबरोबर, गर्दीत टाचा उंचावून वाचला. कविता एकही नव्हती. शीर्षक होते 'आपल्या वसतिगृहाच्या पाण्याचा ताळेबंद'. टाक्या किती, टँकर किती, मुले किती, नळ किती गळतात, मुलींच्या मजल्यावर पाणी सकाळी किती वाजता संपते. चार रात्री बादल्या लावून त्यांनी मोजले होते. खाली एक ओळ: या आकड्यांत चूक असल्यास दाखवावी, पुढच्या अंकात छापू.

अकराच्या सुमारास प्राचार्यांनी बोलावले. "हे तुम्ही आधी वाचले होते का?"

"नाही सर."

"मग लागले कसे?"

"किल्ली माझ्याकडे नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वसतिगृहाच्या अधीक्षकांना फोन लावला आणि मला हाताने जायची खूण केली. बाहेर येऊन मी पुन्हा चौकटीपाशी गेलो. ऱ्हस्व-दीर्घाच्या सात चुका होत्या. लाल पेन खिशात होते. काच मात्र बंद होती.