आबांचा मिस्ड कॉल

सकाळी सव्वासहाला माझा मोबाईल वाजतो. दोन रिंग, की बंद. अलार्म नव्हे, आबांचा मिस्ड कॉल! आबा म्हणजे माझे आजोबा. वय वर्षं 88, मुक्काम सातारा. त्या दोन रिंगचा अर्थ एकच : ‘पोरी, ऊठ. नमस्कार घाल आणि मग फोन कर.’

ही भानगड सुरू झाली दोन वर्षांपूर्वी. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी आलं 6.1. म्हणजे 6.5 ला डायबेटिस, आणि मी अगदी दारात उभी! वय तेव्हा 29. आजीची शेवटची वर्षं याच दुखण्यात गेली होती, त्यामुळे घरात एकदम सन्नाटा.

मी काय केलं? तुम्ही केलं असतं तेच. जिमची वर्षाची मेंबरशिप घेतली. नवे शूज घेतले. पहिला आठवडा एकदम जोरात. मग प्रोजेक्टचं रिलीज आलं, क्लायंटचे कॉल आले, हिंजवडीचं ट्रॅफिक तर पाचवीलाच पुजलेलं. वर्षभरातली एकूण हजेरी : अकरा दिवस.

दिवाळीत साताऱ्याला गेले, तर आबा पहाटे सतरंजी टाकून नमस्कार घालत होते. त्यांचं बालपण औंधात गेलं. आपलं बाणेरशेजारचं नाही हं, सातारा जिल्ह्यातलं, संस्थानचं औंध. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांमध्येही त्यांनी ते सुरू केले होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. आबांचे नमस्कार मात्र चालूच राहिले.

‘आबा, मी पण उद्यापासून रोज पन्नास घालते.’

‘एक घाल.’

‘एकानं काय होतंय?’

‘एक घातलास तर उद्या दुसरा घालशील. पन्नास घातलेस तर उद्या पाय धरतील आणि परवापासून सुट्टी.’

झालं, एकापासून सुरुवात. मग तीन, मग पाच. बारावर यायला दोन महिने लागले. सूर्याची नावं बारा, मित्रपासून भास्करपर्यंत, एकेका नावाला एकेक नमस्कार. सावकाश घातले तरी पाच-सहा मिनिटांचं काम. एवढा वेळ तर मी लिफ्टची वाट बघण्यात घालवते!

एकदा रात्री दोनपर्यंत कॉल चालला होता. सकाळी पांघरुणातूनच फोन केला, ‘आबा, बारा झाले.’

‘मग दम कसा लागला नाही?’ आबा हसले. ‘अगं, खोटं सांगायला मी काय तुझा बॉस आहे?’

त्यानंतर मी कधी खोटं बोलले नाही. ज्या दिवशी शून्य, त्या दिवशी ‘शून्य’ सांगायचं.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी मिस्ड कॉल आलाच नाही. सातला काकांचा फोन. आबा अंगणात घसरले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण आबा गप्प झाले. अंथरुणाला खिळू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आबा फिजिओथेरपिस्टनं शिकवलेला एकही व्यायाम करेनात. ‘आता काय करायचंय?’ म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगते, रिपोर्ट बघून घाबरले नव्हते एवढी मी तेव्हा घाबरले.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी त्यांना मिस्ड कॉल दिला. दोन रिंग, बंद. तीन दिवस काहीच उत्तर नाही. चौथ्या दिवशी फोन वाजला.

‘एक.’

‘एक काय, आबा?’

‘पाय उचलला. एकदा.’

मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं आणि मग बारा नमस्कार घातले.

आता आबा वॉकर घेऊन अंगणात फिरतात. माझं एचबीएवनसी परवा 5.6 आलं. सगळं श्रेय नमस्कारांना नाही. रात्रीचं उशिरा जेवण बंद केलंय आणि लंचनंतर चालतेही. पण त्या सगळ्याची सुरुवात त्या एका नमस्कारानं झाली.

हल्ली मिस्ड कॉल दोन्हीकडून जातात. आज आबा म्हणाले, ‘सहा फेऱ्या.’

‘नक्की ना, आबा?’

‘खोटं सांगायला तू काय माझी बॉस आहेस?’