बेडी, कॅमेरा आणि मराठी बोलणारे भूत

भयपटांवर उर्दू शाळेतल्या एका शिक्षिकेने लिहावे, हे काही वाचकांना खटकेल. आमच्या घरातही खटकले. असले पाहिले की घरातली बरकत जाते, असे सासूबाईंचे म्हणणे. पण नणंदेचा आग्रह पडला आणि काही वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी मोबाइलवर ‘रागिणी एमएमएस’ पाहिला. नणंद घाबरली. मला मात्र भीतीपेक्षा दुसरेच काही जाणवले, आणि ते अजून मनातून गेलेले नाही.

पवन कृपलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा हिंदी चित्रपट मे 2011 मध्ये आला. कथा एवढीशी. उदय नावाचा तरुण रागिणीला मुंबईबाहेरच्या एका फार्महाऊसवर घेऊन जातो. त्या घरात जागोजागी छुपे कॅमेरे बसवलेले आहेत, हे त्याला माहीत आहे, तिला नाही. तिला बेडी घालून पलंगाला अडकवले जाते, आणि मग त्या घरात राहणारे कोणीतरी जागे होते. आपण पाहतो ते सगळे जणू खरोखरचे, नंतर हाती लागलेले चित्रण आहे, असे भासवले जाते. अशा चित्रपटांना ‘फाउंड फुटेज’ म्हणतात.

या प्रकाराला जगभर नाव मिळाले ते 1999 च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या अमेरिकी चित्रपटामुळे. त्याच्या शेवटी एक तरुण पडक्या घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून नुसता उभा दिसतो. रक्त नाही, भूतही नाही. शाळेत वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती पाठ ओळखीची आहे. वर्गात शिक्षा झालेले पोर असेच उभे असते. मागे काय चालले आहे ते त्याला दिसत नाही आणि वळून पाहण्याची परवानगी नसते. लाचारी दाखवायला याहून साधे चित्र मला सुचत नाही.

‘रागिणी’त तेच काम बेडी करते. पण माझ्या मते खरी बेडी म्हणजे छताजवळ बसवलेला कॅमेरा. साध्या चित्रपटात कॅमेऱ्यामागे माणूस असतो. बाई रडू लागली तर तो जवळ जातो, कधी लिहाज राखून नजर दुसरीकडे वळवतो. इथे कॅमेरा हलत नाही. ती ओरडते, हात सोडवू पाहते, आणि तो कोपऱ्यातून तसाच टक लावून बसतो. मागे कोणी असते तर हाक तरी मारता आली असती. ज्याने तो लावला त्याच्या जागी आता आपण बसलेलो असतो, हे लक्षात आले आणि मी मोबाइल पालथा ठेवला. नणंद म्हणाली, “भाभी, डर गए क्या?”

इथे एक तक्रारही नोंदवते. हा चित्रपट ज्या नजरेला दोष देतो, त्याच नजरेवर तिकिटे विकतो. नावातच ‘एमएमएस’ आहे. 2004 साली दिल्लीतल्या एका शाळकरी मुलीची चित्रफीत गावोगाव फिरली, तेव्हापासून या तीन अक्षरांना आपल्याकडे कोणता वास आहे हे सांगायला नको.

तरीही त्यातले भूत मला विसरता येत नाही. ते मराठी बोलते. लोकांनी चेटकीण ठरवलेली ती एक बाई आहे. आपण चेटकीण नाही, आपल्या मुलांना आपण मारलेले नाही, एवढेच ती पुन्हा पुन्हा सांगते. ही शिवी नाही, शापही नाही, गवाही आहे. पण आवाज असा घोगरा आणि अंधार एवढा की पाहणारा दचकतो आणि शब्द निसटून जातात. माणूस आपली सफाई देत आहे आणि ऐकणाऱ्याला ती धमकी वाटते, हा अनुभव आपल्यापैकी कित्येकांना भूत न होताच आलेला आहे. मराठवाड्यात भानामती आणि करणीच्या नावाखाली किती बायांवर बोट ठेवले गेले, हे जुन्या माणसांना विचारावे. म्हणजे त्या एका घरात दोन बाया अडकल्या आहेत. एकीला कॅमेऱ्याने बांधले, दुसरीला गावाने दिलेल्या नावाने.

योगायोग असा की दोघींसाठीचे कायदे एकाच वर्षी आले. 2013 मध्ये भारतीय दंड संहितेत कलम 354-क घातले गेले आणि बाईचे खासगी क्षण चोरून पाहणे व टिपणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 77 आहे. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, आणि त्यानंतर महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणी केल्याचा आळ घेणे त्यात गुन्हा ठरले.

आमचे चितेगाव पैठण रस्त्यावर. शहरापासून चौदा किलोमीटरच्या दगडाजवळ व्हिडिओकॉनचा कारखाना होता. इथले टीव्ही देशभर गेले आणि कित्येक घरांची चूल त्यावर पेटली. 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आता पडदा आणि कॅमेरा दोन्ही प्रत्येकाच्या खिशात आहेत.

माझ्या वर्गातली नववीची एक मुलगी चुलतबहिणीच्या हळदीत नाचली. बायकांच्या मांडवात, आपल्याच घरात. कोणीतरी ते टिपले आणि आठ दिवसांत ते चौकातल्या पोरांकडे होते. वडिलांनी शाळा बंद केली. मी घरी गेले तेव्हा तिची अम्मी म्हणाली, “टीचर, बच्ची की कोई गलती नै. मगर लोगां के मोबाइलां में है ना वो.” कलम 77 मध्ये हळदीचा नाच बसत नाही. जादूटोण्याच्या कायद्यात तर नाहीच. मुलगी पडद्याआड उभी राहून ऐकत होती. तिला काय म्हणायचे आहे हे तिथे कोणी विचारले नव्हते, म्हणून मी तिच्याशी वेगळी बोलले. ती म्हणाली, परीक्षा द्यायची आहे.

तीन फेऱ्या माराव्या लागल्या. शेवटी तिचे मामा मध्ये पडले आणि पुढे दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरायचे ठरले. फॉर्मला फोटो लागतो. मी तिला स्टुडिओत घेऊन गेले. फोटोग्राफर “इकडे बघ” म्हणत होता आणि ती दाराकडे बघत होती. फोटो चौथ्यांदा जमला.