गोल्फ सुटलं, जे. पी. नगर सापडलं

बंगळुरूला आमच्या ताईच्या दिवाणखान्यात गेली दोन वर्षं एक पाहुणा कोपऱ्यात उभा आहे. तो बसत नाही, जेवत नाही आणि जायचं नावही काढत नाही. ताईने त्याच्या अंगावर आपली एक जुनी सुती साडी घातली आहे आणि दर शनिवारी ती साडी गॅलरीत नेऊन झटकते. हा पाहुणा म्हणजे आमच्या भाऊजींची गोल्फची बॅग!

भाऊजी नोकरीच्या निमित्ताने बंगलोरला आले ते १९७९ साली. (तेव्हा ते बंगलोरच होतं, आणि आमच्या घरात अजूनही तेच आहे.) सरकारी कारखान्यात इंजिनियर. लग्न झालं १९८२ मध्ये. लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी त्यांचे साहेब त्यांना गोल्फच्या मैदानावर घेऊन गेले. “तो रविवार अजून घरी परत आलेला नाही,” असं ताई सांगते. पहाटे पाचला बाहेर पडायचं, अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटरची पायपीट करायची, मग क्लबात ‘एकोणिसावं होल’. वाचकहो, गोल्फमध्ये एकोणिसावं होल नसतं; खेळ संपल्यावर गप्पा मारत बसायच्या टेबलाला तसं म्हणतात. दुपारी दोनला जेवण, मग झोप. संपला रविवार.

दोन वर्षांपूर्वी उजव्या खांद्याने दगा दिला. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, “चाला हवं तितकं. पण ती काठी पुन्हा फिरवायची नाही.” बेचाळीस वर्षांची सवय एका वाक्यात संपली. ताईचं फोनवरचं बोलणं तेव्हापासून बदललं. आधी तक्रार असायची की हे घरी नसतात. आता आवाज बारीक करून ती म्हणायची, “अगं, हे दिवसभर घरीच असतात. बोलत नाहीत. खिडकीशी बसून राहतात.” यंदा संक्रांत झाल्यावर मी पुण्याहून उद्यान एक्स्प्रेस पकडली, ती खरं तर याच काळजीने.

स्टेशनबाहेर मॅजेस्टिकला हिरव्या रेषेची मेट्रो पकडली की थेट जे. पी. नगर स्टेशन. २०१७ साली ही सोय झाली. त्याआधी रिक्षावाल्याशी हुज्जत घालण्यात अर्धा तास जायचा. जयप्रकाश नारायणांचं नाव दिलेली ही दक्षिण बंगळुरूतली वसाहत ‘फेज’मध्ये मोजतात. पहिली फेज, दुसरी फेज, अशी थेट नववीपर्यंत. प्रत्येक फेजमध्ये मेन आणि क्रॉस. पत्ता सांगताना गणिताचं उदाहरण घातल्यासारखं वाटतं. भाऊजी म्हणायचे, “नऊ फेज म्हणजे नऊ होलचं मैदान. फक्त गवत नाही!” गवत नसलं तरी झाडं मात्र भरपूर. जानेवारीत रस्त्याकडेला टॅबेबुया गुलाबी फुलतो, आणि कोपऱ्यावरच्या दर्शिनीत उभ्यानेच फिल्टर कॉफी पिणारे लोक बुटांखाली ती फुलं तुडवत असतात.

मी घरात पाय ठेवला तेव्हा भाऊजी खिडकीशी नव्हते. जेवणाच्या टेबलावर क्लबची जुनी स्कोअरकार्डं पसरून, नाकावर चष्मा ठेवून काहीतरी लिहीत होते. गळ्यात दुर्बीण.

“ये ये! उद्या सकाळी सहाला तयार राहा,” एवढंच म्हणाले आणि पुन्हा लिहू लागले. मी ताईकडे पाहिलं. तिने खांदे उडवले, पण गालात हसत होती.

ही भानगड काय, ते रात्री कळलं. डॉक्टरांनी ‘एखादा छंद लावून घ्या’ असं सांगितल्यावर भाऊजींनी इंजिनियरच्या शिस्तीने अभ्यास सुरू केला होता, की मोठे गोल्फर मैदानाबाहेर करतात तरी काय? अरनॉल्ड पामर विमान चालवायचे. १९७६ मध्ये त्यांनी छोट्या जेट विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, साडेसत्तावन्न तासांच्या आत. जॅक निकलॉस मासेमारीत रमणारे. बॉबी जोन्स तर इंजिनियरिंग शिकलेले, मग इंग्रजी साहित्य शिकलेले, आणि पोटापाण्याला वकील! १९३० साली, जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे असताना, त्या वेळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकून त्यांनी स्पर्धांना रामराम ठोकला. भाऊजींना सर्वांत आवडले ते पीटर थॉमसन. हा ऑस्ट्रेलियन माणूस ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकला, आणि बंगळुरूत विमानतळाच्या जुन्या रस्त्याजवळचं कर्नाटक गोल्फ असोसिएशनचं मैदानही त्याच्याच आराखड्याचं. पण गोल्फशिवाय त्याचा जीव कशात होता? वाचनात, संगीतात, वर्तमानपत्रात लिहिण्यात. १९८२ मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या निवडणुकीलाही उभा राहिला आणि थोडक्यात पडला.

विमान काही पेन्शनीत बसणारं नव्हतं. निवडणुकीला ताईने साफ नकार दिला. बंगळुरूत घडलेला अनिर्बन लाहिरी विपश्यना करतो, असं वाचून भाऊजींनी तेही करून पाहायचं ठरवलं. आपल्याला इगतपुरीमुळे विपश्यना नवी नाही. ताई म्हणाली, “घरात मौन पाळायचं तर तुम्ही चाळीस वर्षं करताच आहात. वेगळं काहीतरी शोधा.”

वेगळं सापडलं ते पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर.

सातव्या फेजमधलं हे तेरा-एक एकरांचं तळं. एके काळी त्याची अवस्था पाहवत नव्हती: पाणी आटलेलं, कडेने राडारोडा. आसपासच्या रहिवाशांनी, त्यात बायका पुढे, २०१० साली ट्रस्ट काढला, पालिकेच्या मागे लागून तळं साफ करून घेतलं, झाडं लावली, आणि पुढे देखभालही अंगावर घेतली. पाऊस कमी पडला तर तळं पुन्हा कोरडं पडू नये म्हणून शेजारच्या मोठ्या वसाहतीतलं सांडपाणी शुद्ध करून त्यात सोडण्याची व्यवस्था झाली. आपल्याकडे तळं बुजवून वसाहत बांधतात. इथे वसाहतीने तळं भरलं. शंभराहून जास्त जातींच्या पक्ष्यांची तिथे नोंद झाली आहे. मला तर या एका गोष्टीसाठी जे. पी. नगरातल्या लोकांना नमस्कार करावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सहाला रिक्षाने आम्ही तिघं तिथे पोचलो. धुकं होतं. भाऊजींनी खिशातून स्कोअरकार्ड काढलं. त्यावर अठरा चौकटी असतात, एकेका होलसाठी एकेक. फटक्यांच्या आकड्याऐवजी ते तिथे पक्ष्याचं नाव लिहितात. अठरा जाती दिसल्या की फेरी पूर्ण!

“गंमत बघ,” ते मला म्हणाले. “गोल्फमध्ये ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी लागला की बर्डी, दोन कमी लागले की ईगल, तीन कमी लागले तर अल्बाट्रॉस. सगळी पाखरंच. अमेरिकेत शंभरेक वर्षांपूर्वी झकास गोष्टीला ‘बर्ड’ म्हणायचे, त्यावरून पडलं हे. चाळीस वर्षं मी बर्डीच्या मागे धावलो. त्या मैदानावर केवढी झाडं, केवढं पाणी! पण एकही पक्षी मान वर करून पाहिला नाही. चेंडू कुठे पडला, एवढंच बघायचो.”

सलीम अलींचं पुस्तक पिशवीत होतंच. तेवढ्यात लव्हाळ्यातून दोन बदकं निघाली. भाऊजींनी दुर्बीण लावली, पुस्तक उघडलं, आणि शाळकरी पोरासारखं वाचलं, “स्पॉट-बिल्ड डक.”

“हळदी-कुंकू,” ताई म्हणाली.

आमचं माहेर निफाड तालुक्यातलं. नांदूर-मधमेश्वरचं धरण घरापासून सायकलच्या अंतरावर. आता त्याला रामसर यादीत स्थान मिळालंय, २०२० साली, महाराष्ट्रातलं पहिलंच. आमच्या लहानपणी मात्र ती नुसती पाणथळ जागा होती आणि आमचे आजोबा तिथे पक्ष्यांची नावं सांगत फिरवायचे. या बदकाच्या काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके. हळद आणि कुंकू! संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाच्या दिवसांत ते दिसावं, याचा ताईला कोण आनंद.

मग सुरूच झालं. भाऊजी म्हणाले ‘कूट’, ताई म्हणाली ‘वारकरी’. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला हा पक्षी; दुसरं काय नाव शोभेल त्याला? ‘लिटल ग्रीब’ म्हणजे टिबुकली, पाण्यात टुबकन बुडी मारणारी. ‘कॉर्मोरंट’ म्हणजे पाणकावळा. पंख पसरून वाळवत बसलेला. ‘नाइट हेरॉन’ म्हणजे रातबगळा. ‘पर्पल स्वॅम्पहेन’ला ताई क्षणभर अडली, मी म्हटलं, “जांभळी पाणकोंबडी!” तर तिने मला चिमटा काढला, लहानपणी काढायची तसा. भाऊजी खाली मान घालून चौकटी भरत होते. मी डोकावून पाहिलं. सगळी नावं मराठीत लिहिलेली होती.

रिक्षात परत येताना ताई हळूच म्हणाली, “बेचाळीस वर्षांत यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं गं. आता दिवसाला दहा वेळा विचारतात, हा कोण, तो कोण.”

ताईला गोल्फ कधीच आवडलं नाही असं मात्र नाही. एकदाच तिने ते मन लावून पाहिलं. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक पदकाच्या दारात उभी होती. (पुरुषांमध्ये अनिर्बनबरोबर उदयन माने हे आपलं मराठी नावही त्या ऑलिंपिकमध्ये होतं.) पहाटेपासून अख्खा देश, ज्याला बर्डी आणि बोगी यांतला फरक ठाऊक नाही तोही, टीव्हीसमोर. अदिती चौथी आली, एका फटक्याने पदक हुकलं. पण ताईच्या मनात राहिलं ते वेगळंच. अदितीच्या बॅगेपाशी कॅडी म्हणून तिची आई होती. “आई पोरीची बॅग वाहतेय! आणि तुम्ही मला बॅगेला हातसुद्धा लावू दिला नाहीत,” असं ती तेव्हा भाऊजींना म्हणाली होती. आता ती बॅग झटकते तेव्हा ते काही बोलत नाहीत.

दुसरा छंद खरं तर ताईचा, भाऊजी त्यात उशिरा सामील झाले. त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, दुसऱ्या फेजमध्ये, ‘रंगशंकरा’ नाट्यगृह आहे. होन्नावरकडचे शंकर नाग मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरले, चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनातही त्यांचा हात होता. पुढे कन्नड चित्रपटांचे ते लाडके नायक झाले आणि दूरदर्शनवरच्या ‘मालगुडी डेज’मुळे साऱ्या देशाला माहीत झाले. ३० सप्टेंबर १९९० ला दावणगेरेजवळ मोटार अपघातात ते गेले, तेव्हा छत्तिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. बंगळुरूत नाटकासाठी चांगलं घर हवं हे त्यांचं स्वप्न पत्नी अरुंधती नाग यांनी चौदा वर्षं खपून पुरं केलं. २००४ मध्ये पडदा उघडला. गिरीश कार्नाडांचंही घर पूर्वी जे. पी. नगरातच होतं, आणि या कामात त्यांचा आधार होता. माथेरानला जन्मलेल्या आणि ‘उंबरठा’त काम केलेल्या या माणसाला आपण परका कसं म्हणणार?

रंगशंकराचा एक नियम मात्र कडक. नाटक सुरू झालं की दार बंद. कितीही मोठा माणूस असो, उशिरा आला तर बाहेर! नाटकवेड्या ताईने पहिल्या वर्षीच दोन तिकिटं काढली होती. रविवार होता. भाऊजी क्लबात पत्ते खेळत बसले आणि वेळ उलटल्यावर पाच मिनिटांनी धापा टाकत पोचले. ताई तशीच पायी घरी आली आणि तीन दिवस बोलली नाही. पुढे ती एकटीच जाऊ लागली, शेजारच्या कानडी मैत्रिणींबरोबर. कन्नड तिला तिथेच नीट येऊ लागलं.

आम्ही शनिवारी गेलो तेव्हा भाऊजींनी पाऊण तास आधीच घराबाहेर काढलं. ताईची वेणी अर्धवट. “अहो, अजून वेळ आहे!” तर म्हणाले, “साबुदाणा वडा संपतो.” तिथल्या कॅफेचा साबुदाणा वडा बंगळुरूत नावाजलेला आहे, आणि खाऊन सांगते, आपल्या घरच्या वड्यापुढे मान खाली घालणारा नाही. नाटक कन्नड होतं. मला अर्धंच समजलं, पण माझ्या एका कानात ताई आणि तिच्या दुसऱ्या कानाशी भाऊजी, असं कुजबुजणं चालू होतं. शेवटी पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका. रविवारी सकाळी क्लबातल्या जुन्या दोस्ताचा फोन आला. “नुसता येऊन बस रे, खेळू नकोस.” भाऊजी “बघतो” म्हणाले आणि फोन ठेवून बराच वेळ त्या कोपऱ्याकडे, साडी पांघरलेल्या पाहुण्याकडे, बघत राहिले. ताई स्वयंपाकघरातून काही बोलली नाही. तिने डोशाचं पीठ पुन्हा फ्रिजमध्ये ठेवलं, पायात चपला घातल्या आणि दुर्बीण त्यांच्या हातात दिली.

माझी गाडी रात्रीची होती, म्हणून मीही गेले. ऊन होतं, भाऊजींच्या हातात छत्री. तळ्याकाठच्या वाटेवर एक वाळकं, गोल फळ पडलं होतं. ते थांबले. इकडेतिकडे पाहून, खांदा न हलवता, नुसत्या मनगटाने त्यांनी छत्रीच्या मुठीने ते हळूच ढकललं. फळ गडगडत गेलं आणि पावसाच्या पाण्यासाठी ठेवलेल्या भोकात पडलं.

“बर्डी!” भाऊजी ओरडले.

“हळू!” ताईने त्यांचा हात धरला. समोर वाकलेल्या फांदीवर खंड्या बसला होता.