नव्या जुल्फाहून
इस्फहान

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

अल्लावर्दीखानाच्या तेहतीस कमानींच्या पुलावरून झायंदेरूद ओलांडून आपण दक्षिणतीरावरील नव्या जुल्फात शिरलो, की पाट्यांवर फारसीशेजारी आर्मेनियन अक्षरे दिसू लागतात. तुर्कांच्या हाती केवळ ओसाड मुलूख पडावा, या हेतूने इराणच्या शहा अब्बासाने 1604 च्या सुमारास आरस नदीकाठचे मूळ जुल्फा उजाड केले आणि तेथील आर्मेनियन रयतेला बायकामुलांसह आपल्या राजधानीकडे हाकलले. नदी उतरताना कितीतरी जीव वाहून गेले. पुढे त्याच बादशहाने त्यांना येथे जमीन, उपासनेची मोकळीक आणि त्यांच्यातलाच कलंतर, म्हणजे नगरप्रमुख, दिला, कारण रेशमाच्या व्यापारातील त्यांची पत आणि देशोदेशीचे आडते त्याला हवे होते. या आश्रयास औदार्य म्हणावयास माझे मन धजत नाही.

वांक नावाच्या त्यांच्या प्रार्थनामंदिराचा विटांचा घुमट बाहेरून मशिदीचाच वाटतो. आत मात्र भिंतींच्या पायथ्याशी इस्फहानी फुलांच्या चिनी मातीच्या फरशा, त्यांवर बायबलातील प्रसंग आणि संत ग्रेगरीने भोगलेले छळ, आणि माथ्यावर निळ्या-सोनेरी वेलबुट्टीचे छत असा संगम झाला आहे.

आपला आज्ञाधारक


इस्फहान

तीर्थरूप दादांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मागील पत्रात छापखान्याविषयी लिहावयाचे राहिले. वांकच्या आवारात धर्माध्यक्ष खाचातूर केसारात्सी यांचा पुतळा आहे. शिकविणारा कारागीर जवळ नसता त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी यंत्र, खिळे, कागद आणि शाई हे सारे येथेच सिद्ध केले, आणि 1638 साली स्तोत्रसंहिता छापून काढली. बादशहाने दिलेली रेशमाची सद्दी केव्हाच संपली. या समाजाने स्वतःस दिलेली विद्या टिकली, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते.

1722 ची अफगाण स्वारी आणि पुढे नादिरशहाची जबर वसुली यांनी गांजलेली कित्येक घराणी हिंदुस्थानात आली. आर्मेनियन भाषेतील जगातले पहिले नियतकालिक, ‘अझदारार’, 1794 साली मद्रासेत निघाले, ते शिराझहून आलेल्या हारुत्युन श्मावोनियान या धर्मोपदेशकाच्या हातून.

मुंबईत आता आर्मेनियन कुटुंबे जवळजवळ उरलेली नाहीत. तरी आपण कोटात जाल तेव्हा मेडोज स्ट्रीटवरील त्यांचे 1796 सालचे चर्च आवर्जून पाहावे, आणि मुलांनाही सोबत न्यावे, ही विनंती.

आपला आज्ञाधारक